खरेदीसाहेबांचा ट्रॅक्टर

जेवणाच्या टेबलावर ताटं ठेवायला जागा नव्हती, कारण तिथे ट्रॅक्टर पसरले होते. कागदावरचे, गुळगुळीत, रंगीत. खरेदीसाहेब चष्मा कपाळावर चढवून एकेक माहितीपत्रक न्याहाळत होते आणि त्यांची बायको हातात गरम पातेलं घेऊन उभी होती.

"अहो, हे कोणत्या ट्रॅक्टरवर ठेवू?"

"थांब गं. महत्त्वाचं काम चाललंय."

साहेबांचं सगळं आयुष्य एका मोठ्या कचेरीच्या खरेदी विभागात गेलं होतं. तिथला रिवाज साधा होता: जे हवं त्याहून एक साइज मोठं मागायचं, कारण वरचं ऑफिस न वाचताच एक साइज कमी करतं. सहा फुटी कपाट हवं असेल तर आठ फुटी मागायचं. मग सहा फुटी मिळतं आणि वरच्यांना काटकसर केल्याचं पुण्य लागतं. ही अक्कल साहेबांच्या अंगात इतकी मुरली होती की निवृत्त झाल्यावर ते न्हाव्यालाही हवे त्याहून बारीक केस कापायला सांगत. न्हाव्याच्या वर कुठलंच ऑफिस नसल्यामुळे तो सांगितलं तेवढे कापून मोकळा होई आणि साहेब महिनाभर टोपी घालून हिंडत.

बाई शाळेत शिक्षिका होत्या. पत्र्याच्या वर्गात, भर उन्हात, पोरांना भूगोल शिकवता शिकवता त्यांनी एकच स्वप्न पाहिलं होतं, की म्हातारपणी झाडाखाली बसून पुस्तक वाचायचं. दोघांची पुंजी एकत्र करून उतारावरचा तो जंगलाचा तुकडा घेतला तो बाईंच्या हट्टाने. झाडं उंच, जुनी, दाट सावलीची. फक्त खाली काटेरी झुडपं माजली होती आणि सावलीपर्यंत पोचायची वाट नव्हती.

"एक माणूस आणि एक कोयता पुरेल," बाई म्हणाल्या.

साहेब हसले. अडाण्याच्या बोलण्यावर साहेब लोक हसतात तसे.

दुकानात जाताना त्यांनी बाईंबरोबर मेहुण्यालाही सोबत घेतलं. बाईंचा हा धाकटा भाऊ घरात ट्रॅक्टरचा जाणकार समजला जाई, कारण त्याने एकदा कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर बसून फोटो काढला होता. साहेबांना मनातून छोटा ट्रॅक्टर हवा होता, झाडांमधून सुळकन जाईल असा. म्हणून रिवाजाप्रमाणे त्यांनी मधला मागितला.

"मधला?" मेहुणा म्हणाला. "भाऊजी, ट्रॅक्टर आणि बूट घट्ट घेऊ नयेत. त्याच्या पुढचा बघा."

विक्रेता आनंदाने उभाच राहिला. "त्याच्याही पुढचा घ्या साहेब. मागेपुढे अवजारं लावायची तर ताकद नको?"

साहेब त्याच्याकडे आशेने पाहत राहिले. आता हा म्हणेल, एवढा कशाला? पण त्या माणसाने उभ्या आयुष्यात ते वाक्य उच्चारलं नव्हतं, आणि आजच सुरुवात करायचं त्याला काही कारण नव्हतं. साहेबांनी मेहुण्याकडे पाहिलं. मेहुणा चाकाला लाथा मारून हवा तपासत होता. बाईंकडे पाहायचं मात्र त्यांना सुचलं नाही.

मग अवजारं आली. पुढे माती आणि ओंडके उचलायला लोडर, त्याची बकेट एक साइज रुंद. मागे झुडपं कापायचं यंत्र, तेही एक साइज रुंद. शिवाय खड्डे पाडायचं गिरमिट.

"खड्डे कशाला?" बाईंनी विचारलं.

"झाडं लावायला, मॅडम," विक्रेता म्हणाला.

"जंगलात?"

"आणि हे बर्फ लोटायचं पातं," विक्रेता घाईने पुढे सरकला.

"आपल्याकडे बर्फ पडत नाही."

"पडला तर?"

"बघ," साहेब बायकोला म्हणाले, "याला म्हणतात दूरदृष्टी."

ट्रॅक्टर आला तो फाटकातून आत जाईना. एक खांब उपटला, मग गेला. आत जाऊन तो झाडांसमोर थांबला आणि सगळ्यांच्या लक्षात आलं की झुडपं काढली की माणूस ज्या झाडांमधून सहज चालत जाईल तिथून हे धूड जाणार नाही. शरमेने माणसाने मान खाली घालावी. साहेबांनी चुन्याची बादली मागवली आणि झाडांवर फुल्या मारायला सुरुवात केली.

"हे काय चाललंय?" बाई धावत आल्या.

"वाट करतोय. एवढी झाडं काढली की ट्रॅक्टर आरामात फिरेल."

"ट्रॅक्टर कशासाठी घेतला?"

"झाडांसाठी."

"आणि झाडं कशासाठी पाडायची?"

"ट्रॅक्टरसाठी," साहेब म्हणाले. त्यांना यात काही चुकतंय असं वाटलं नाही. मेहुण्यालाही नाही.

पहिल्यांदा ही जागा पाहिली तेव्हा याच झाडांकडे बाई भान हरपून पाहत उभ्या राहिल्या होत्या. आता त्यांच्या बुंध्यांवर, उत्तर चुकलेल्या पेपरावर असतात तशा, फुल्या होत्या.

"नीट ऐका," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणून साहेब जास्त घाबरले. "यातल्या एकाही झाडाला हात लागला, तर माझी अर्धी जमीन मोजून वेगळी करा. तुमच्या अर्ध्यात मग खुशाल शर्यती लावा."

मेहुण्याने खाकरून घेतलं. "ताई, चिडू नकोस. एकही झाड न पाडता नेऊन दाखवतो. भाऊजी, बसा तुम्ही. मी सांगतो तसं आणा."

दोन झाडं त्याला पसंत पडली. खाली जवळजवळ, वर एकमेकांपासून लांब गेलेली. साहेबांनी बकेट उंच उचलली आणि मेहुणा उलटा चालत हात हलवू लागला.

"या... या... या... शाबास भाऊजी!"

बकेट वरच्या रुंद जागेतून पलीकडे गेली. पुढची चाकं गेली, मागची गेली, आणि खाड्कन आवाज झाला. मागचं यंत्र दोन्ही बुंध्यांवर आडवं बसलं होतं. दचकून साहेबांनी जो दांडा हाताला लागला तो ओढला. बकेट खाली येताना फांदीवर आपटली, तेलाचा पाइप फुटला, मेहुणा न्हाऊन निघाला आणि बकेट धप्पदिशी जमिनीवर बसली. आता मागचं यंत्र पुढे जाऊ देईना, पुढची बकेट मागे येऊ देईना. ट्रॅक्टर दोन झाडांमध्ये दाराला अडसर घालावा तसा पक्का बसला.

दुकानाचा मेकॅनिक आला. त्याने खाली वाकून पाहिलं, वर पाहिलं, आणि तोंडावर रुमाल धरून जरा वेळ पाठ फिरवून उभा राहिला.

"मागची पिन वाकलीय, यंत्र सुटणार नाही. पाइप मिळाला तर बकेट उचलता येईल. पण एवढं मोठं मॉडेल इथे कोणी घेतच नाही हो. पाइप कारखान्यातून येईल तेव्हा येईल. नाहीतर हे एक झाड पाडा, लगेच मोकळा."

सगळ्यांनी झाडाकडे पाहिलं. झुडपांतून कशीबशी वाट काढून, त्या झाडाला पाठ टेकून बाई खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि त्यांनी पुस्तक उघडलं होतं.

"पाइपची वाट बघू," साहेब म्हणाले.

पाइप आज येतो, उद्या येतो असं चाललं. मेहुण्याला अचानक महत्त्वाची कामं निघाली. फाटकाजवळून जाणारे थांबून ट्रॅक्टर पाहायला लागले, तेव्हा निदान काहीतरी काम चालू दिसावं म्हणून साहेबांनी कोयता आणला आणि कंबर धरून धरून झुडपं तोडू लागले. वाट हळूहळू तयार झाली. तिच्यावरून चालत जाऊन बाईंना एक शोध लागला. ट्रॅक्टरची गादी खुर्चीपेक्षा कितीतरी मऊ होती, आणि ती बरोबर दोन झाडांच्या सावलीत होती. तेव्हापासून त्या दुपारभर तिथेच, स्टिअरिंगला पुस्तक टेकवून.

एके दिवशी पलीकडची जागा घेतलेले गृहस्थ आले.

"साहेब, मलाही ट्रॅक्टर घ्यायचाय. तुमचा कसा आहे?"

साहेबांनी घाम पुसला, कोयता पाठीमागे लपवला आणि अनुभवी माणसाचा चेहरा केला.

"तसा चांगला आहे. फक्त लहान पडला. एक साइज मोठा घेतला असता, तर त्या दोन झाडांमध्ये शिरलाच नसता."

गृहस्थांना ते पटलं. त्यांनी मान डोलावली.

"दोन साइज मोठा घ्या, भाऊ," गादीवरून बाई पान उलटत म्हणाल्या. "म्हणजे तो दुकानातूनच बाहेर निघणार नाही."