वरून कंपनी, खालून अन्वर

चाकणला आमच्या कंपनीच्या गेटातून सकाळी आधी अन्वर मुलाणीचे बूट आत यायचे. अन्वर त्यांच्या मागोमाग, त्यांनी परवानगी दिल्यासारखा यायचा.

गुडघ्याच्या वर माणूस तुमच्या-आमच्यासारखाच आहे. पन्नाशीला टेकलेला, डोक्यावर केस मोजके, अंगात राखाडी गणवेश, खिशाला ओळखपत्र. डिस्पॅचला उभं राहून ट्रक भरून घेणं हे त्याचं काम. पण नजर जरा खाली उतरली की एकदम काळ बदलायचा. एक दिवस काळे-पांढरे दोनरंगी बूट. दुसऱ्या दिवशी बेलबॉटमच्या जमान्यातली अशी उंच टाच, की अन्वर वरच्या मजल्यावरून बोलतोय असं वाटावं. तिसऱ्या दिवशी इतके टोकदार, की लिफ्टचं बटण पायानं दाबता यावं. सगळे जुन्या बाजारातून उचललेले, राजगुरुनगरच्या मोच्याकडून नवे तळ ठोकून घेतलेले.

"साहेब," तो पाय पुढे करून सांगायचा, "वरून कंपनी, खालून अन्वर!"

हे अर्थात शॉपफ्लोअरवरच्या पिवळ्या पट्ट्यापर्यंतच. तिथून पुढे पोलादी टोकाचे सेफ्टी शूज. पट्ट्याशी आला की अन्वर वाकून बूट बदलायचा, आणि चेहरा असा करायचा की जणू राजीनामाच देतोय.

या विषयात त्याचं एक शास्त्र आहे. "राखाडीवर काळा बूट म्हंजे मयत. राखाडीवर तपकिरी म्हंजे मुलाखत. आन राखाडीवर पांढरा म्हंजे वरात! आजची पँट आन तवाचा बूट यांचं लगीन लावावं लागतं साहेब. एकाला दुसऱ्याची लाज वाटता कामा न्हाई."

ते लगीन जमावं म्हणून त्यानं गणवेशाच्या पँटची मोहरी शिंप्याकडून हळूच वाढवून घेतली. दर धुलाईनंतर थोडी थोडी. एचआरच्या बाईंना संशय येईपर्यंत त्या मोहरीत मांजर लपलं असतं. बाई टेप घेऊन आल्या. अन्वर शांतपणे म्हणाला, "मॅडम, कापड पान्यानं फुगलंय." बाई मुंबईच्या. त्यांनी नोंद केली आणि गेल्या.

मलाही त्यानं नादी लावलं होतं. मी खरेदी विभागातला, जन्मभर काळे बूट घालणारा माणूस. "गोरेसाहेब, तुमचे पाय रिटायर झाल्यावानी दिसत्यात," असं रोज ऐकवून त्यानं मला गोंडेवाले तांबूस बूट घ्यायला लावले. ते घालून मी रहाटणीत घराबाहेर पडलो, तर आमच्या सौ. दारातून म्हणाल्या, "अहो, बँडवाल्यांनी बोलावलंय का? क्लॅरिनेट विसरलात!" गोंडे त्याच दिवशी माळ्यावर गेले.

पण अन्वरची खरी कीर्ती झाली ती पाहुण्यांच्या वेळी. परदेशी ग्राहकांना पाळी बदलताना बघायची होती, म्हणून ते भल्या सकाळी येणार होते. गेटवर नवा सुरक्षारक्षक गुच्छ घेऊन उभा. तेवढ्यात कंपनीच्या बसमधून पायऱ्यांवर अवतरले दोनरंगी बूट. रक्षकानं बूट पाहिले, कडक सलाम ठोकला आणि सोनेरी रिबिनीचा तो भला मोठा गुच्छ अन्वरच्या हातात दिला. अन्वरनं मान झुकवून तो घेतला. पाहुणे आले तेव्हा त्यांना नुसता नमस्कार मिळाला.

"गुच्छ कुठंय?" मॅनेजर ओरडले.

"दिला," अन्वर म्हणाला. "ज्याचा होता त्याला."

पुढे विचारायची कुणाची हिंमत झाली नाही. बुटांचा वचकच तसा होता.

मग नवे सेफ्टी ऑफिसर आले आणि नोटीस लागली. सेफ्टी शूज बसमध्ये चढतानाच पायात हवेत, नाहीतर बसमध्ये जागा नाही आणि गेटातून प्रवेशही नाही. आम्हाला वाटलं, संपला अन्वर. त्यानं नोटीस दोनदा वाचली आणि कंपनीची बसच सोडली! गावाहून माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपमध्ये, कधी कुणाच्या दुधाच्या गाडीवर लटकून येऊ लागला.

"अरे राव, बुटांसाठी कुणी फुकटची बस सोडतं का?" मी म्हणालो.

"बुटांसाठी कोन सोडतंय?" म्हणाला, आणि चालू लागला.

मी ही गोष्ट कॅन्टीनमध्ये नकलांसकट सांगून चांगला हशा घेत होतो. एरवी मी पाळीच्या ऐन ठोक्यालाच पोचतो. पण स्टोअरच्या मोजणीसाठी एकदा सकाळी लवकर जावं लागलं. गेटासमोर चहाची टपरी आहे. तिच्या बाजूला अन्वर दोनरंगी बूट घालून, कंबरेवर हात ठेवून चक्क इकडून तिकडे चालून दाखवत होता. समोर कठड्यावर एक बाई बसली होती. अंगात पलीकडच्या पॅकिंग कंपनीचा निळा कोट, डोळे रात्रभर जागून लाल. आणि ती तोंडाला ओढणी लावून हसत होती.

"आमची रुक्साना," अन्वर म्हणाला. "आन हे गोरेसाहेब. गोंडेवाले."

"गोंडे कुठं गेले?" तिनं माझ्या पायांकडे बघून विचारलं. म्हणजे माझी कीर्ती इथंवर पोचली होती!

चहा येईपर्यंत अन्वरनं सांगितलं. आई अंथरुणाला खिळलेली, कुणीतरी एक घरी लागतं. म्हणून हिला कायमची रातपाळी, ह्याला दिवसपाळी आणि वर ओव्हरटाइम. सुट्टीचे वारही वेगळे. संध्याकाळी तो सुटायच्या आत ती कामाला लागलेली असते.

"सुट्टीदिवशी बी घरात आमी येकमेकाला झोपलेलंच बगतो साहेब. जागं बगायचं ते हितंच, तिची बस सुटंस्तवर. तेवढ्यात आन सांजंला मी पोचंस्तवर शेजारीन आईपाशी बसती."

"मग बूट?"

"मी बगायला गेलो तवा हिनं मान वर केलीच न्हाई. माजं तोंड बगितलंच न्हाई, नुसते बूट बगितले. असेच, दोनरंगी. आन घरात सांगितलं, बूटवाल्याला व्हय म्हना."

"तोंड नंतर दिसलं," रुक्साना म्हणाली. "तवर उशीर झाला व्हता."

तिची बस आली. अन्वर कठड्यावर बसला, सेफ्टी शूज चढवले, दोनरंगी जोडी पेपरात गुंडाळून तिच्या डब्याच्या पिशवीत घातली. पिशवीच्या बंदाला सोनेरी रिबीन बांधली होती, धुऊन धुऊन फिकी झालेली.

"पॉलिश करत बसू नको, झोप!" तो ओरडला. तिनं मागे न बघता हात हलवला.

बस गेली. त्यानं राखाडी शर्ट नीट खोचला.

"चला साहेब. आता वरून बी कंपनी, खालून बी कंपनी."

"आणि अन्वर?"

"त्यो गेला घरी," तो म्हणाला. "तिच्या पिशवीतनं."