वाढ-वर्षाचे मुखपृष्ठ

संस्थेने चालू वर्ष 'वाढ-वर्ष' म्हणून साजरे करायचे ठरवले आणि त्याच सोमवारी पेशी-विभागातल्या संशोधक बाईंना पत्र आले : 'आपले संशोधन वाढीच्या विरोधात असल्याचे निदर्शनास आले आहे. शुक्रवारपर्यंत समितीपुढे खुलासा करावा. अन्यथा आपला फ्रीझरमधील खण रिकामा करण्यात येईल.'

आरोप खरा होता, हीच पंचाईत. पेशीच्या अंगावर बाहेरचे निरोप घेणारे रेणू असतात, त्यांना ग्राही म्हणतात. 'वाढा' असा निरोप आला की ग्राहीवर फॉस्फेटचा बिल्ला चढतो आणि पेशी कंबर कसून एकीच्या दोन होऊ लागते. काम भागले की तो बिल्ला काढून घेणारे एक एन्झाइम असते. बाई नऊ वर्षे त्याच्या मागे हात धुऊन लागल्या होत्या आणि त्या कष्टाच्या छत्तीस कुप्या त्या खणात होत्या. पत्र घेऊन त्या थेट संचालकांकडे गेल्या.

"तुमचं एन्झाइम नेमकं करतं काय?" संचालकांनी विचारले.

"वाढीचा निरोप बंद करतं, सर."

"म्हणजे अडवणूक."

"अडवणूक कसली, सर? पुरे म्हणायला कुणीतरी लागतंच की!"

"'पुरे' हा शब्द यंदाच्या धोरणात नाही, बाई."

बोलून उपयोग नाही, डोळ्यांनी बघितले की पटेल, असे बाईंना वाटले. शास्त्रज्ञांना असे वाटते. त्यांनी काचेच्या दोन बशांत पेशी वाढवल्या. पहिलीत एन्झाइम शाबूत ठेवले, दुसरीत काढून टाकले.

शुक्रवारी समिती सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली. पहिल्या बशीत पेशी काठापर्यंत एका थरात पसरून शहाण्यासारख्या थांबल्या होत्या. सदस्य-सचिवांनी शेरा मारला : 'उद्दिष्ट गाठताच काम बंद. वृत्ती उदासीन.'

दुसऱ्या बशीत पेशी एकमेकींच्या डोक्यावर चढल्या होत्या. खाली मेलेल्यांचा खच होता आणि अन्नद्रव आंबून पिवळा पडला होता. संचालकांचा चेहरा उजळला.

"वा! ही खरी निष्ठा! जागा नाही, अन्न नाही, तरी काम चालूच!"

"सर, याला गाठ म्हणतात," बाई रडकुंडीला येऊन म्हणाल्या. "ही अंगात झाली तर माणूस जातो."

"माणसाचं सोडा, तो वेगळ्या विभागात येतो. पेशींची संख्या सांगा."

बाईंनी संख्या सांगितली. टाळ्या पडल्या.

संध्याकाळी खण रिकामा झाला. त्यात सोहळ्याचे आइस्क्रीम ठेवले गेले, ते दगडासारखे गोठले आणि समितीने ते तीन दिवस चिकाटीने खाल्ले. बाईंची बदली सत्कार-विभागात झाली. दुसऱ्या बशीचे रंगीत छायाचित्र वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर झळकले, खाली ठळक अक्षरांत : 'आदर्श'.

अहवाल घरोघरी गेला. सोबत अभिप्रायाचे कार्ड होते. लोकांकडून, म्हणजे तुमच्याआमच्याकडून, एकच तक्रार आली : चित्र आणखी मोठे हवे होते.