गवेअण्णांच्या बदल्यात ससा

एका जंगलात विटीदांडूचं वेड शिरलं होतं. वेड म्हणजे किती, बाळांनो? वाघानं शिकार सोडली असं मी सांगणार नाही. तुम्ही हुशार आहात, आणि मला खोटं बोलायला आवडत नाही. पण सामन्याच्या दिवशी वाघ शिकार संध्याकाळवर ढकलायचा, एवढं खरं.

जंगलाच्या मधून एक नदी वाहत होती. अलीकडे एक संघ, पलीकडे एक संघ. पावसाळा संपला की नऊ सामने व्हायचे. सगळे सामने अलीकडच्या माळावर, कारण पलीकडे नुसता उंच गवताचा चढ होता. खेळ अगदी सोपा. विटी उडवायची, टोला हाणायचा आणि विटी जिथे थांबेल तिथपर्यंतचं अंतर दांडूनं मोजायचं. जितके दांडू तितके गुण. विटी कुणी वरच्या वर झेलली, तर डाव गेला.

अलीकडच्या संघाचा कप्तान होता मुसंडेराव रानडुक्कर. दिसायला रागीट, मनानं एकदम मऊ. त्याचा जीव एकाच गोष्टीत होता. नदीकाठच्या उंबराखालचा चिखल. दाट, गार, आणि बसलं की गळ्यापर्यंत येणारा.

"स्वर्गात अमृत असतं म्हणतात," मुसंडेराव म्हणायचा. "असेल बुवा. पण ते अंगाला फासता येतं का?"

पण हा चिखल काही त्याच्या बापजाद्यांचा नव्हता. तो बक्षिसाचा होता. दर वर्षी सामने संपले की दोन्ही कप्तान एकेका खेळाडूची अदलाबदल करत. त्या अदलाबदलीत ज्यानं बाजी मारली, त्याला वर्षभर चिखल. तीन वर्षं तो मुसंडेरावाकडेच होता, आणि तीन वर्षं त्याला दुपारची झोप कशी लागायची ते विचारू नका.

बाजी कुणी मारली हे ठरवायचा डोमाजी डोमकावळा. त्याची रीत मोठी कडक. हिरड्याच्या शेंड्यावर बसून तो एक पान तोडायचा आणि खाली सोडायचा. ते जमिनीला टेकायच्या आत निकाल.

"निकाल कसा, तव्यावरून थेट ताटात पडला पाहिजे," डोमाजी म्हणायचा. "विचार करत बसलं की गार होतो."

दूर परदेशात बेसबॉल म्हणून असाच एक दांड्याचा खेळ आहे. तिथेही खेळाडूंची अशीच अदलाबदल होते आणि तिथेही लोक संध्याकाळच्या आत कोण जिंकलं, कोण फसलं ते सांगून मोकळे होतात, असं ऐकतो. पण ती माणसं. ती विचार करूनच सांगत असणार. आपण जनावरांचं बोलू.

तर एका वर्षी पलीकडच्या संघात एक नवा ससा आला. त्याचं नाव तुरतुरे. वय कोवळं, मिशासुद्धा सरळ झालेल्या नव्हत्या. बाकीचे खेळाडू विटी आभाळात मारायचे आणि माकडं ती झाडावरून झेलायची. तुरतुरे आभाळाकडे बघेचना. तो विटी बुटकी मारायचा. ती जमिनीलगत सर्रकन घसरत जायची, आणि माकडं आभाळाकडे तोंड करून बसलेली असायची. नऊ सामन्यांत पठ्ठ्यानं दोनशे बारा दांडू केले. पहिल्याच वर्षी!

जंगल खुळावलं. माकडांनी त्याच्यावर आरती रचली. मुंगसानं 'तुरतुरे छाप' दांडू विकायला काढले. त्या वर्षी जन्मलेल्या चौदा पिल्लांची नावं तुरतुरे ठेवली गेली, त्यांत एक तर चक्क बेडूक होता.

मुसंडेरावाला झोप येईना. हा ससा आपल्याकडे हवा! तो पलीकडच्या कप्तानीणबाईंकडे गेला. त्या होत्या साळूबाई साळिंदर. ऊन त्यांना अजिबात सोसायचं नाही.

"ससा देता का, साळूबाई?"

"देते की. बदल्यात गवेअण्णा द्या."

मुसंडेरावाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. गवेअण्णा म्हणजे त्याच्या संघातला म्हातारा गवा. नऊ वर्षांत अण्णांचे मिळून अकरा दांडू. झेल एकच, तोही विटी आपणहून शिंगात येऊन अडकली म्हणून. एरवी अण्णा सकाळपासून संध्याकाळपर्यंत माळावर उभे राहायचे आणि चरायचे. सामना चालू असतानासुद्धा चरायचे.

"अण्णा? ते कशाला हवेत तुम्हाला?"

"सावलीला," साळूबाई म्हणाल्या. "माझ्या संघात सगळी बारकी मंडळी. एकाचीही धड सावली पडत नाही."

अण्णांना विचारलं, तर त्यांनी तोंडातला घास संपवला आणि एवढंच म्हणाले, "तिकडं गवत कसं आहे?"

"भरपूर."

"चालतंय की."

सौदा झाला. डोमाजीनं पान सोडलं. पान अर्ध्यावर येतं न येतं तोच तो ओरडला, "मुसंडेरावांनी लुटलं! पलीकडच्यांनी हिरा दिला आणि धोंडा घेतला!"

त्या दुपारी मुसंडेराव चिखलात गळ्यापर्यंत बसला आणि एकटाच हसत राहिला.

मग पावसाळा आला आणि गेला. पहिला सामना लागला. तुरतुरे नव्या संघाकडून दांडू घेऊन उभा राहिला. सगळं जंगल श्वास रोखून बसलं. त्यानं विटी उडवली, आपला तो ठरलेला बुटका टोला हाणला, आणि विटी सप्पकन गवतात शिरली. तिथेच थांबली.

दोन दांडू.

माकडांना वाटलं, गंमत करतोय. त्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्यांदा मारला, दीड दांडू. तिसऱ्यांदा विटी सापडायलाच वेळ लागला, आणि सापडली ती त्याच्या स्वतःच्या पायाशी.

त्या वर्षी माळावर गवत सशाच्या कानापर्यंत आलं होतं. हे सगळ्यांना दिसत होतं. पण गवत काय, वाढतंच. त्यात बघायचं काय? सगळे सशाकडे बघत होते.

"डोक्यात हवा गेली," डोमाजी म्हणाला.

"लग्न ठरलंय म्हणे त्याचं," टिटवी म्हणाली. तिला ही बातमी कुणी दिली, कोण जाणे.

"पहिल्या वर्षी चमकतो तो दुसऱ्या वर्षी विझतोच," मुंगूस म्हणालं आणि त्यानं उरलेले दांडू निम्म्या किमतीत काढले.

मग सल्ले सुरू झाले. दांडू डाव्या हातात धर. एक डोळा मीट. टोला हाणताना श्वास सोडू नकोस. तुरतुरे गरीब पोर. त्यानं सगळ्यांचे सल्ले एकदमच पाळले. पाचव्या सामन्यात तो डाव्या हातात दांडू धरून, एक डोळा मिटून, श्वास कोंडून उभा राहिला आणि विटी उडवायच्या आधीच भोवळ येऊन पडला.

"काका," शुद्धीवर आल्यावर तो रडवेल्या आवाजात म्हणाला, "सुरुवातीला तर मी गेल्या वर्षीचंच सगळं करत होतो हो."

"मग गेल्या वर्षीचं करू नकोस!" मुसंडेराव खेकसला. लगेच त्याला वाईट वाटलं. पोराची मिशी थरथरत होती.

तेवढ्यात हिरड्यावरून पान सुटलं. "निकाल सुधारून वाचावा!" डोमाजी ओरडला. "साळूबाईंनी लुटलं! मुसंडेरावांच्या गळ्यात फुटकं मडकं बांधलं. मी तर म्हणतच होतो!"

"डोमाजी, जरा थांबा की! अजून चार सामने आहेत," मुसंडेराव काकुळतीला आला.

"पान पडलं," डोमाजी म्हणाला.

चिखल गेला.

बाळांनो, तुम्हाला वाटेल, चिखल तो चिखल, त्यात एवढं काय? तुमच्याकडे पंखा आहे म्हणून वाटतं. आश्विनातलं ऊन मुसंडेरावाच्या पाठीवर निखाऱ्यासारखं पडायचं. माश्या कानात शिरायच्या. तो धुळीत लोळून बघायचा, तर सतरा शिंका यायच्या. उंबराखाली तो गार, काळा चिखल मोकळा पडलेला, आणि साळूबाई त्याच्या कडेला पाय चोरून उभ्या. मुसंडेरावाला रडू फुटायचं. तो ते लपवायचाही नाही.

शेवटी त्यानं अभिमान गिळला. सशाला बरोबर घेतलं आणि नदी ओलांडली. साळूबाईंच्या पाया पडायचं, ससा परत द्यायचा आणि रोज दुपारी निदान अर्धा तास चिखल मागायचा, असं त्यानं ठरवलं होतं.

पलीकडे पोचला आणि बघतच राहिला. चढावरचं ते उंच गवत कुठे गेलं? समोर हिरवी सतरंजी अंथरावी तशी साफ जमीन. मधोमध गवेअण्णा. त्यांच्या सावलीत साळूबाई पंजे पसरून झोपलेल्या.

साळूबाईंना उठवायचं कसं, या विचारात मुसंडेराव उभा होता. काटे असलेल्या बाईंना उठवणं सोपं नसतं. तुरतुरेला काही उद्योग नव्हता. त्यानं खिशातून काढावी तशी कानामागून विटी काढली, खाली ठेवली आणि कुणी सल्ला द्यायला नाही असं बघून आपला बुटका टोला हाणला.

विटी सर्रकन गेली. चढ चढली, वरून दिसेनाशी झाली आणि पलीकडच्या उतारावर कुणीतरी "अगं आई गं!" म्हणून ओरडलं.

मुसंडेरावानं विटी गेली त्या दिशेला बघितलं. मग जमिनीकडे बघितलं. मग गवेअण्णांच्या हलत्या तोंडाकडे बघितलं. असं तीनदा केलं, कारण त्याच्या डोक्यात विचार जरा सावकाश शिरत. आणि शिरला तेव्हा तो मटकन खाली बसला. आपण चूल देऊन तवा आणला! अण्णांनी नऊ वर्षं माळ चरून साफ ठेवला, म्हणून सशाची विटी घसरली. आणि आपण अण्णांनाच देऊन ससा घेतला!

एखाद्या हुशार कप्तानानं आता मोठी मसलत केली असती. मुसंडेराव हुशार नव्हता. त्यानं आपल्याकडे करतात तेच केलं.

"अण्णा," तो म्हणाला, "उद्यापासून आमच्याकडं जेवायला या."

अण्णांनी घास गिळला. "गवत कसं आहे?"

"सशाच्या कानापर्यंत."

"येतो."

साळूबाईंनी एक डोळा उघडला. "खुशाल न्या. पण सामन्याला मला सावली हवी हां."

पुढचे आठ दिवस अण्णा रोज पहाटे नदी ओलांडून यायचे, जेवायचे आणि अंधार पडायला परत जायचे. मुसंडेराव शेजारी उभा राहून आग्रह करायचा. "अण्णा, त्या कोपऱ्यातलं घ्या. अण्णा, हे तर तुम्ही टाकलंच. लाजू नका, आपलंच घर आहे." अण्णा लाजले नाहीत.

सहाव्या सामन्यात तुरतुरेनं एकतीस दांडू केले. सातव्यात चाळीस. आठव्यात विटी नदीत गेली, आणि ते अंतर कसं मोजायचं यावर दोन कासवांची मारामारी झाली. नववा सामना संपला तेव्हा माकडांनी जुनी आरती पुन्हा काढली आणि तिला दोन कडवी जोडली.

सगळं जंगल हिरड्याखाली जमलं. डोमाजीनं पान तोडलं. "निकाल आणखी सुधारून वाचावा! मुसंडेरावांनी—"

"थांबा!" मुसंडेराव म्हणाला. त्याचं मन भरून आलं होतं आणि पोटात काही राहत नव्हतं. "सशाचं कौतुक आहेच. पण खरं श्रेय अण्णांचं. ते चरतात म्हणून विटी घसरते."

सगळे अण्णांकडे वळले. अण्णा रवंथ करत होते.

डोमाजीनं चोचीतलं पान तसंच धरून ठेवलं. जन्मात पहिल्यांदाच. "मुसंडेराव," तो दातओठ नसूनही ते खात म्हणाला, "नीट विचार करून बोला. ही करामत सशाची असेल, तर तुम्ही बाजी मारली. चिखल तुमचा. गव्याची असेल, तर गवा तुम्ही देऊन टाकलात. म्हणजे तुम्ही जन्माचे फसलात, आणि चिखल साळूबाईंचा. कायमचा. बोला, सशाची की गव्याची?"

मुसंडेरावाच्या कपाळाला घाम सुटला. त्याला खोटं बोलायची सवय नव्हती. त्यानं उंबराकडे बघितलं. चिखल उन्हात चमकत होता. एक बुडबुडा आला आणि फुटला.

तेवढ्यात साळूबाई त्याच्या कानाशी लागल्या. "अहो भाऊ, सशाची म्हणा ना! एकदाच उतरले, तर काट्यांत चिखल वाळून बसलाय, एकेक काटा उपटला जातोय. बक्षीस परत करता येत नाही म्हणून गप्प बसलेय हो मी!"

मुसंडेरावानं अण्णांकडे बघितलं. "अण्णा, तुम्हाला चालेल का?"

"उद्या जेवायला यायचं ना?" अण्णांनी विचारलं.

"रोज यायचं."

"मग काय बी म्हण."

"सशाची," मुसंडेराव म्हणाला.

डोमाजीनं पान सोडलं. "मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं!" तो गरजला. तुरतुरे आनंदानं रडला. टिटवीनं त्याचं लग्न पुन्हा ठरवलं. मुंगसानं दांडूंची किंमत दुप्पट केली. साळूबाई अंघोळीला पळाल्या. आणि मुसंडेराव उंबराखाली गेला, सावकाश, एकेक पाय टाकत, गळ्यापर्यंत बसला आणि डोळे मिटून म्हणाला, "खरं बोलायचं ना, ते मी बोललो होतो. एकदा."

तात्पर्य : अदलाबदलीचा निकाल ताबडतोब देऊन टाकावा. वेळ घेतला, तर तो बरोबर द्यावा लागतो.