एकोणीस बुलेट आणि श्यामसुंदरकाका

दोन पानं, सहा मथळे, एकोणीस बुलेट, आणि 'उत्कृष्ट' हा शब्द सात वेळा. हा माझा रेझ्युमे! सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या हिंगोलीच्या मुलीकडे असा कागद असल्यावर पुण्यात नोकरी पळून पळून पळणार कुठे?

पळत मात्र होती. बाबांनी बजावलं होतं, "श्रद्धा, दिवाळीपर्यंत बघू. नाहीतर सामान बांध." दिवाळी पुढच्या महिन्यात होती. म्हणून वारज्यातल्या एका मसाला कंपनीच्या प्रयोगशाळेत अर्ज ठोकला. शेवटी 'संदर्भासाठी व्यक्ती' असा रकाना होता. तिथे मी घरमालकांचं नाव लिहिलं, पाठवलं आणि मग त्यांना सांगायला गेले. हा क्रम चुकला!

आमचे घरमालक श्यामसुंदरकाका वजनमापं तपासणारे निवृत्त निरीक्षक; मी आणि माझी रूममेट त्यांच्याच घरातल्या एका खोलीत राहतो. तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेली चिंच शोधण्यात त्यांचा जन्म गेलेला.

"माझं नाव दिलंस? छान. मग तपासावं लागेल."

"काय?"

"तुला. आण तो कागद."

त्यांनी चष्मा लावला, लाल पेन काढलं.

"'उत्कृष्ट वेळेचे नियोजन.' मंगळवारी पाण्याची मोटार कोणी चालू ठेवली होती?"

"काका, फोन आला होता..."

"शेजाऱ्यांच्या वाळवणाला आंघोळ घडली." फुली!

"'उत्कृष्ट नेतृत्वगुण.' मैना, इकडे ये गं."

माझी रूममेट मैना कणीस खात आली.

"ही तुझं नेतृत्व करते?"

"ही मला रोज केर काढायला सांगते, काका."

"आणि तू?"

"मी नाही काढत."

फुली! मी मैनेकडे असं पाहिलं की कणसाची लाही व्हावी. ती शांतपणे चावत राहिली.

"'दडपणाखाली शांत.' हं. श्रद्धा, हलू नकोस. तुझ्या खांद्यावर पाल आहे."

पुढचं मला नीट आठवत नाही. मैना म्हणते मी टीपॉयवरून उडी मारून थेट पडद्याला लटकले आणि रॉडसकट खाली आले.

"पाल नव्हती," काका फुली मारत म्हणाले. "रॉड भिंतीत परत बसवून घे."

"काका, कंपनीचा फोन आला तर एवढं चांगलं बोला हो! माझं पुण्यात राहणं त्यावर आहे!"

"बोलेन की. जे आहे ते."

फोन तेव्हाच आला! काका फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात. कानाला गरम लागतो म्हणे.

"नमस्कार, मी सोनाली, मसाला कंपनीतून. श्रद्धा दबावाखाली कशी वागते?"

"पडद्यावर चढते."

"... सॉरी?"

"चाचणी घेतली आहे. वेळेचं नियोजन म्हणाल, तर मोटार बंद करायला विसरते. नेतृत्व अजून कोणी मान्य केलेलं नाही."

मी हात जोडले. पाया पडले. काकांनी पाय बाजूला घेतला.

"मग चांगलं काहीच नाही का?" मॅडमचा आवाज बारीक झाला होता.

"आहे ना. पण ते तिने लिहिलेलंच नाही. आमच्या फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर ही तारीख लावते. माझ्या वांग्याच्या भाजीलाही लावली, आणि चौथ्या दिवशी मला न विचारता फेकून दिली."

"तुम्ही रागावलात?"

"फार! मग केराच्या डब्याचं झाकण उघडून वास घेतला. तिचं बरोबर होतं."

फोन बंद झाला. नंतरचे दोन दिवस मी हॉल ते गॅलरी, गॅलरी ते हॉल अशी फिरत होते. मोबाइलची रिंग वाजली की दचकायचे, नाही वाजली की जास्त दचकायचे. बॅग तर कपाटावरून खालीही काढली.

तिसऱ्या दिवशी सोनाली मॅडमचा फोन आला.

"तीन महिने ट्रायलवर घेतोय तुम्हाला. नेतृत्ववाले आमच्याकडे बरेच आहेत. डब्यावर तारीख लावणारं कुणी नव्हतं."

मी किंचाळले! मैनेचं कणीस हातातून पडलं! बाबांना कळवायला फोन ठेवणार, तेवढ्यात मॅडम म्हणाल्या,

"आणि हो, त्या काकांचा रेझ्युमे मिळेल का?"

काकांनी तिथेच पाठकोऱ्या कागदावर लिहून दिला. नाव, जन्मतारीख, नोकरी, आणि 'वरील मजकूर खरा आहे'. चार ओळी. बुलेट शून्य.

आता काका आठवड्यातून तीन दिवस आमच्या विभागाची तपासणी करतात. जाताना मी त्यांच्याच स्कूटरवर मागे बसते. माझं मासिक मूल्यमापनही तेच करतात.

पहिल्या महिन्यात मला दहापैकी साडेसहा गुण मिळाले. कापलेल्या साडेतीनपैकी एक गुण पाण्याच्या मोटारीचा आहे.