गल्लीभर लागलेलं दही

गुरुवारी सकाळी वृषाली धुळ्याहून परतली, तेव्हा हिरव्या झाकणाचा डबा ओट्यावर पालथा होता. स्वच्छ घासलेला.

"नाना, यातलं दही?"

"दिलं," सासरे अभिमन नाना खुर्चीतून म्हणाले. "भिकुबाईंना विरजण हवं होतं."

"सगळं?"

"त्यांच्या मागून आणखी चौघी आल्या."

वृषाली ओट्याला टेकली. जळगावच्या एका कॉलेजात ती सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची आणि तिची पीएच.डी. त्या डब्यात होती. दह्यातल्या ठरावीक जिवाणूंनी उदास माणसाचं मन थोडं हलकं होतं का, हे तिला तपासायचं होतं. हळदीतल्या घटकाची अशीच तपासणी नंतर करायची होती. गल्लीतली बारा माणसं तिने निवडली. सहा जणांना डब्यातलं, पुण्याहून आणलेल्या जिवाणूंचं दही, सहा जणांना साधं. कोणाला कुठलं, ते फक्त तिच्या वहीत. घरचा माणूस घेऊ नये हे ठाऊक असूनही बारावे नानाच होते, कारण बारावा मिळेना.

डाळ मिलमधून निवृत्त झालेले नाना, पत्नी यशोदाबाई गेल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, त्या खुर्चीत होते. डॉक्टरांच्या गोळ्या वेळेवर घ्यायचे आणि उन्हाचा चौकोन भिंतीवरून सरकताना बघायचे. चौकोन कपाटापाशी पोहोचला की जेवायचे.

"कुणाला द्यायचं नाही, असं सांगून गेले होते ना मी?"

"दही द्यायचं नाही म्हणालीस. हे विरजण. विरजणाला नाही म्हणत नाहीत. तुझ्या सासूने कुणाची वाटी कधी रिकामी पाठवली नाही."

"तळाशी चमचाभर तरी ठेवायचं! कॉलेजातला साठा वीज गेली तेव्हाच नासला. सोमवारी माझे गाईड येणार आहेत."

ती डोळे पुसत कॉलेजला गेली. नानांनी पालथा डबा उचलून आत पाहिलं. मग त्यांनी वाटी घेतली आणि चपला शोधल्या. चपलांवर धूळ होती.

"नाना, तुम्ही?" भिकुबाई दारातच थबकल्या. "दोन वरीसमा पहिल्यांदा देखं तुमले गल्लीमा! बठा ना."

"विरजण परत पाहिजे होतं."

"परत? त्यानी तं कढी व्हई गयी. पण मी सारिकाले दिधं व्हतं, तिले इचारा. आधी कढी तं प्या."

सारिकाकडचं ताकात संपलं होतं. तिने चहा पाजला आणि लताबाईंकडे पाठवलं. लताबाईंनी आधी पंखा लावला.

दुपार टळत होती. गल्ली झोपेत होती, आणि घराघरांत झाकणांखाली दूध हळूहळू घट्ट होत होतं. भिंती वेगळ्या, भांडी वेगळी, दही मात्र एकच. नानांना वाटलं, आपण एकाच मोठ्या शांत घरातून चाललोय आणि कुठल्याही दारात गेलं तरी कुणीतरी बसा म्हणणार आहे. लताबाई यशोदाबाईंच्या पापडांबद्दल बोलत होत्या. नाना ऐकत होते. मधेच त्यांनी पिठाचं प्रमाण सुधारून सांगितलं.

पाच वाजता ते चौथ्या घरातून विरजणाची भरली वाटी घेऊन घरी आले. वृषालीने वही काढली आणि कुणी काय खाल्लं ते विचारत गेली. ज्यांना साधं द्यायचं, त्या सहापैकी पाच जणांच्या पोटात पुण्याचं दही गेलं होतं. तुलना करायला उरलं कोण? एकटे नाना; त्यांनी प्यायलेल्या कढीतले जिवाणू उकळतानाच मेले होते.

"बसा, तुमचा तक्ता तरी भरू," ती थकून म्हणाली. "या आठवड्यात घराबाहेर पडावंसं वाटलं?"

"आजच पडलो. चार घरं झाली."

"कशात रस वाटला?"

"भिकुबाईंच्या कढीत मीठ कमी असतं. सांगायला पाहिजे. आणि लताबाई शनिवारी भरीत करतायत, वांगी मी आणतो म्हणालो. त्यांना निवडता येत नाहीत."

वृषालीने बेरीज केली. मागच्या आठवड्यात उदासीचे एकवीस गुण होते. आज नऊ. तिने पुन्हा बेरीज केली.

"नाना, तुम्हाला साधं दही होतं. तुम्ही बरे व्हायला नको होतं!"

"म्हणजे माझ्यामुळेच अडलं?"

"साध्या दह्याचे तुम्ही एकटेच उरलात, आणि तुम्हीच हसताय. गाईडना काय दाखवू?"

नानांना फार वाईट वाटलं. सुनेची तीन वर्षांची मेहनत होती. त्यांनी गंभीरपणे विचार केला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"तू काळजी करू नको, पोरी. सोमवारपर्यंत मी उदास राहतो. फक्त शनिवारची सुट्टी दे."