वीतभर मास्तरांचा टपावरचा तंबू

गाडीच्या टपावरचा तंबू मिनिटभरात उघडतो, असं दुकानदार म्हणाला होता आणि ते अगदी खरं निघालं. तो कुठल्या बाजूला उघडतो, हे मात्र वीतभर मास्तरांनी विचारलं नव्हतं.

मास्तरांची गाडी शिकवण्याची शाळा होती. शाळा म्हणजे एक पांढरी गाडी आणि स्वतः मास्तर. गाडी भिंतीपासून वीतभर अंतरावर लावता आली पाहिजे, हा त्यांचा लाडका धडा. म्हणून नाव पडलं वीतभर मास्तर. रविवारी दुपारी ते दुकानातून तंबू टपावर बसवून आले. दोन दिवस वापरून बघायचा, कॅम्पिंगला सोयीचा वाटला तर ठेवायचा, नाहीतर परत द्यायचा, असं ठरलं होतं. घरी आल्यावर हाताच्या सवयीनं त्यांनी गाडी अंगणातल्या सामाईक भिंतीला वीतभर सोडून लावली, पट्टे सोडले आणि तंबूची वरची बाजू जोर लावून ढकलली. पुस्तकाचं पान उलटावं तसा तंबू अलगद उलगडला आणि भिंत ओलांडून गेला. त्याची शिडी सरसर खाली उतरली, ती थेट शेजारच्या टोमॅटोच्या वाफ्यात.

"बाबा, शिडी कुठे गेली?" मुलीनं विचारलं. ती आठ वर्षांची होती आणि घरात तिला सगळे चौकशी म्हणत.

"शेजारी."

"का?"

मास्तर टाचा उंचावून पलीकडे बघतात, तोच भिंतीमागून एक टक्कल वर आलं. ते साहेबांचं होतं. शेजारी राहणारे साहेब लायसन्सच्या परीक्षा घेत. गाडी शिकवणाऱ्या माणसाशी आपली ओळख आहे असं कोणी म्हणू नये, म्हणून इतक्या वर्षांत ते मास्तरांशी एक शब्द बोलले नव्हते. रस्त्यात समोर आले तरी स्वतःच्या चपलांकडे बघत पुढे जात.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"शिडी आहे, साहेब."

"ते दिसतंय. माझ्या टोमॅटोत कशाला आली?"

"मी बोलावली नाही, साहेब. आपली आपण आली."

स्वयंपाकघराच्या खिडकीतून मास्तरांच्या बायकोचा आवाज आला, "तरी मी म्हणत होते, आपला जमिनीवरचा तंबू काय वाईट आहे?"

"अगं, जमिनीवर चिखल असतो, मुंग्या असतात. हा कसा उंच, कोरडा!"

"हो ना! आणि पहाटे उठून खाली यायचं झालं, तर शेजाऱ्यांचं दार वाजवून घरी यायचं."

मास्तर भिंतीकडे वळले. "साहेब, तुमच्या बाजूनं शिडी जरा वर ढकललीत, तर मिटेल हो तंबू."

"शिडीचे पाय झाडांच्या काठ्यांत अडकलेत. ढकलली तर टोमॅटो मुळासकट येतील. मी काठ्या सोडवतो. तोवर कोणी हात लावायचा नाही." एवढं बोलून साहेब वाफ्यात बसले आणि एकेक गाठ सोडवू लागले. गाठीही त्यांनी नियमानं मारलेल्या असाव्यात, कारण एकही लवकर सुटेना.

तेवढ्यात फाटकातून वाचनालयाच्या बाई आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची लायसन्सची परीक्षा होती. याआधी त्या तीनदा नापास झालेल्या, दरवेळी एकाच जागी. दोन खांबांच्या मधे गाडी मागे घेऊन लावायची म्हटलं की त्यांचे हात डावं-उजवं विसरत. वाचनालयाला पुस्तकांची एक व्हॅन मिळाली होती, पण ती चालवायला लायसन्स असलेलं कोणी नव्हतं. उद्या बाई पास झाल्या नाहीत, तर व्हॅन दुसऱ्या वाचनालयाकडे जाणार होती. आणि टेकडीपलीकडच्या शाळांतल्या मुलांना बाईंनी कधीच सांगून ठेवलं होतं, "मी पुस्तकं घेऊन येते."

"चला मास्तर, उजेड आहे तोवर रिव्हर्स घोटून घेऊ."

"गाडी हलत नाही, बाई."

"बिघडली?"

"नाही. उघडली."

बाईंनी वर पाहिलं आणि त्या मटकन पायरीवर बसल्या. "मग संपलंच की. मुलांना काय तोंड दाखवू मी?"

चौकशी मात्र एव्हाना बॉनेटवरून चढून तंबूत शिरली होती. जाळीच्या खिडकीतून तिचं नाक बाहेर आलं.

"वाचनालयमावशी, वर या ना! चिमणी माझ्या शेजारी बसलीय! खरंच!"

रडण्यापेक्षा चढलेलं बरं, असं वाटून बाई चढल्या. वर जाऊन त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं आणि त्या परीक्षाच विसरल्या. रोजचीच गल्ली, पण ती कोणीतरी धुऊन नव्यानं अंथरल्यासारखी दिसत होती. झाडांची पानं वरच्या बाजूनं वेगळीच चकाकत होती. माणसांचे भांग दिसत होते, लांबलचक सावल्या त्यांच्यामागे फिरत होत्या. जमिनीपासून माणूसभर उंच गेलं की जग एवढं मोठं होतं, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

त्याच वेळी गल्लीत सामान पोचवणारा टेम्पो आला आणि दोन गाड्यांच्या मधल्या जागेत मागे जाऊ लागला. बाई श्वास रोखून बघत राहिल्या. टेम्पोची मागची बाजू फटीत शिरली, तोंड रुंद वळण घेत बाहेर झुकलं, मग चाकं सरळ झाली आणि तोंडही गुपचूप आत आलं.

"मास्तर!" बाई ओरडल्या. "मागे जाताना तोंड बाहेर फेकलं जातं हो! पुढची चाकंच सगळं करतात!"

"मग इतके महिने मी काय सांगत होतो?" मास्तर खालून ओरडले.

"सांगत होतात. दिसत नव्हतं!"

वाफ्यातून साहेब उठले. "वर किती जणांची क्षमता आहे?"

"तिघांची, साहेब."

"आत्ता किती आहेत?"

"दोन."

"तपासावं लागेल," म्हणत साहेब शिडीनं चढले. वर पोचल्यावर त्यांनी काहीच तपासलं नाही. उभा जन्म लोकांच्या शेजारच्या सीटवर बसून त्यांनी गाड्या पाहिल्या होत्या. वरून एकदाही नाही. जाळीला कपाळ टेकवून ते खाली बघू लागले. चेहरा असा झाला होता की मास्तरांना वाटलं, साहेबांना चक्कर आली.

"साहेब," चौकशीनं बोट दाखवलं, "ती वाकडी लावलेली गाडी कोणाची?"

साहेबांच्या अंगणात एक राखाडी गाडी तिरकी उभी होती. तिचं मागचं एक चाक कुंडीवर टेकलं होतं.

साहेब खाकरले. "माझी."

"मग तुम्ही नापास?"

खाली मास्तरांनी डोळे घट्ट मिटले.

"या वेळेपुरता," साहेब हळूच म्हणाले, "नापास."

ते खाली उतरले आणि गाडीत जाऊन बसले. बाईंना राहवेना. त्या वरून हातांनी वळणं दाखवत सांगू लागल्या, "साहेब, स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे. या मागे. या, या... थांबा! आता सरळ करा. हळू. घाई कसली आहे?" कपाटात खण सरकावा तशी गाडी जागेवर गेली. बाई स्वतःच्या हातांकडे बघत राहिल्या. ते सगळ्या वेळात एकदाही चुकले नव्हते.

साहेब भिंतीशी आले. "बाई, उद्या तुमची परीक्षा मला घेता येणार नाही. आता आपली ओळख झाली."

"मग कोण घेणार?"

"मोठे साहेब."

मास्तरांनी कपाळावर हात मारला. मोठ्या साहेबांनी सख्ख्या जावयाला दोनदा नापास केलं होतं.

शेवटची गाठ सुटली, वरच्या दोघी उतरल्या, साहेबांनी स्वतः शिडी ढकलली आणि अंधार पडता पडता तंबू मिटला. पण सरावाला उजेड उरला नव्हता.

सकाळी मोठे साहेब गाडीत बसले, ते घड्याळाकडे बघतच. खांबांपाशी बाई थांबल्या. एक दीर्घ श्वास घेऊन त्या मनानं टपावर जाऊन बसल्या आणि तिथून स्वतःची गाडी बघत मागे आल्या. गाडी दोन खांबांच्या बरोबर मधे थांबली. मोठ्या साहेबांनी दार उघडून डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. पुन्हा डावीकडे पाहिलं.

"पास. कुठे शिकलात?"

बाहेर उभ्या असलेल्या मास्तरांनी शर्टाची कॉलर नीट केली.

"टपावर," बाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी बायकोनं विचारलं, "मग? तंबू परत ना?"

"कॅम्पिंगला नाही सोयीचा, कबूल," मास्तर म्हणाले. "एकदा उघडला की गाडी जागची हलत नाही. पण परत नाही द्यायचा. शिकायला येणाऱ्याला आधी वर बसवायचं, मग स्टिअरिंगला हात. शनिवारी चौघांना बोलावलंय."

"शनिवारी आपण तळ्यावर जाणार होतो!"

"जाऊ की. जुना तंबू घेऊन. वरून काय बघायचं, ते शिकणाऱ्यांना साहेब समजावून सांगतील. त्यांनीच विचारलंय; पण भिंतीपलीकडून, कोणाचं नाव न विचारता, म्हणजे ओळख होत नाही."

"आणि गाडी टपावरच्या शाळेत अडकल्यावर आपण जायचं कशानं?"

मास्तरांनी खिडकीतून गाडीकडे पाहिलं. गाडी शिकवण्याच्या शाळेकडे आता हलणारी गाडीच नव्हती.

शनिवारी सकाळी फाटकासमोर पुस्तकांची व्हॅन मागे येत येत थांबली. "टेकडीपलीकडेच चाललेय," बाई आतून म्हणाल्या. "तळ्यावर सोडते."

मास्तर पुढचं दार उघडायला गेले.

"तुम्ही मागे, मास्तर, पुस्तकांत," बाई म्हणाल्या. "पुढे चौकशी बसणार आहे. मला शिकवलं तिनं."