काशिराम साळिंदराची कॅसेट

एका जंगलात रेंज भरपूर होती आणि पाणी एकाच डबक्यात होतं. त्या डबक्याजवळ काशिराम नावाचं साळिंदर राहायचं. त्याच्याकडे एक टेपरेकॉर्डर आणि एकोणचाळीस कॅसेटी होत्या. कॅसेट म्हणजे काय, ते मुलांनो, घरी बाबांना विचारा. ते तासभर बोलतील. तेवढं सोसा.

टेपरेकॉर्डरने फीत खाल्ली की काशिराम अंगावरचा एक काटा उपसायचा, कॅसेटच्या भोकात घालायचा आणि गरागरा फिरवून फीत पुन्हा गुंडाळायचा. संध्याकाळी ससे, अस्वलं, रानडुकरं त्याच्या बिळासमोर जमायची. गाणं आवडो न आवडो, कॅसेटची बाजू संपेपर्यंत बसायची. मध्येच उठणं बरं दिसत नसे.

एका कॅसेटवर काशिरामची बायको भागीरथी होती. पिलाला निजवताना ती गात होती, ते त्याने गुपचूप भरून घेतलं होतं. मध्येच ती थांबते, म्हणते, "अहो, ते यंत्र चालू ठेवलंय की काय?" आणि हसते. पुढच्या उन्हाळ्यात भागीरथी गेली. तिचा आवाज तेवढाच उरला होता.

मग जंगलात एक मैना आली. कोल्हा नव्हे. कोल्हे हल्ली फक्त सल्ले देतात.

"जगातली सगळी गाणी माझ्याकडे आहेत," मैना म्हणाली. "नाव सांगा, लगेच कानात वाजेल. घरातला पसारा माझ्याकडे जमा करा, पहिलं वर्ष फुकट."

फुकट म्हटल्यावर विचार करायची त्या जंगलात पद्धत नव्हती. ज्याच्या घरी जे वाजत होतं, ते मैनेच्या पोत्यात गेलं. काशिराम तेवढा राहिला.

"अण्णा, तुमच्यामुळे आपलं जंगल मागास दिसतं," ससा म्हणाला.

काशिरामने मैनेला विचारलं, "आमच्या भागीरथीचं गाणंही आहे का तुमच्याकडे?"

"सगळी म्हणजे सगळी, अण्णा."

काशिराम भोळा होता. त्याने एकोणचाळीसच्या एकोणचाळीस कॅसेटी देऊन टाकल्या.

त्याच संध्याकाळी तो म्हणाला, "भागीरथीचं गाणं लावा."

"असं गाणं आढळलं नाही," मैना म्हणाली. "तुम्हाला हे आवडेल." आणि रानडुकरांच्या वरातीतलं गाणं वाजू लागलं.

काशिरामने पुन्हा सांगितलं. पुन्हा वरात. तिसऱ्यांदा सांगितल्यावर मैना कौतुकाने म्हणाली, "अण्णांना वरातीची भारी आवड दिसते."

"माझी कॅसेट परत द्या."

"ती कधीच भंगारात गेली. ज्वारीच्या शेतात बघा."

जंगलाच्या कडेला ज्वारीचं शेत होतं. पाखरं बसू नयेत म्हणून शेतकऱ्याने खुंटाखुंटांना कॅसेटच्या फिती ताणून बांधल्या होत्या. वारा आला की त्या भणभणत. भागीरथीची फीत एकदा तुटली होती आणि काशिरामने ती बाभळीच्या डिंकाने जोडली होती. तो जोड शोधत तो दोन दिवस शेतात फिरला. सापडल्यावर ती फीत त्याने दाताने सोडवली, घरी आणली आणि एका रिकाम्या कॅसेटमध्ये काट्याने गुंडाळली.

बटण दाबलं. आवाज आला. खरखरता, मध्येमध्ये बुडणारा, पण तिचाच. काशिराम ओक्साबोक्शी रडला.

शेजारी धावत आले. सगळं ऐकून ससा म्हणाला, "छान आहे. हे कुठे मिळतं?"

"मिळत नाही. माझ्याकडे आहे."

"म्हणजे कशावर आहे?"

"माझ्याकडे आहे रे बाबा."

सशाला काही उलगडलं नाही. अस्वलाने सगळ्यांना सांगितलं की अण्णांचं वय झालं. मग ऐकायला आलेले सगळे घरी गेले. एकटी मैना मागे थांबली होती आणि तिचे कान चांगले होते.

आठवड्याभरात मैनेने 'आजीचा आवाज' नावाची नवी यादी काढली. एका तरुण साळुंकीकडून तिने ते गाणं गाऊन घेतलं, खरखर वरून घातली, हसणंसुद्धा घातलं. आपापल्या बिळात एकेकटं बसून सगळं जंगल रडलं. काशिराम दारोदार गेला. "अहो, ही ती नव्हे," तो सांगत होता. "ती अशी हसत नव्हती."

सशाने कानातला इअरफोन क्षणभर काढला. "अण्णा, राग मानू नका," तो म्हणाला, "पण तुमच्या बायकोपेक्षा ही जास्त खरी वाटते."

तात्पर्य: मुलांनो, आवडती वस्तू कधीही स्वतःजवळ ठेवू नये. जवळ राहिली की ती आपली होते, आणि आपलीच झाली तर दर महिन्याला भाड्याने कशी घेणार?